कोपरा फाटलेलं कार्ड

आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय मी सुरतेच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला बरीच वर्षं शिकवला. या विषयाचा जिवंत माणसाला काही उपयोग असतो, असं मला एवढ्या वर्षांत एकदाच वाटलं, आणि नेमका तेव्हाच मी तो नीट समजावून सांगितला नव्हता.

वर्गात बँकेतले कारकून, कापड दलालांचे मुनीम आणि एखादा शाळामास्तर असे लोक असायचे. दिवसभराचं काम उरकून ते जांभया देत बसत. पदवी मिळाली की बढती मिळते, एवढीच त्यांची कायद्यावर श्रद्धा होती. कुठल्याही प्रकरणावर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "सर, आ पेपरमां आवशे?" युद्धाची कारणे सांगा, वीस गुण, हा प्रश्न हमखास यायचा. गाइडात सात कारणं होती. पासष्टची लढाई संपल्यावर एका बँकवाल्यानं उत्तरपत्रिकेत आठवं कारण लिहिलं : दोन्ही बाजूंना आपणच जिंकणार असं वाटणं. मी त्याला पूर्ण गुण दिले. वर्गात मात्र ते वाचून दाखवलं नाही, कारण बाहेर तेव्हा विजयाच्या मिरवणुका चालू होत्या आणि मला नोकरी टिकवायची होती.

मी राहायचो पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या अलीकडे, एका दुमजली चाळीत. कॉलेजातले इतर प्राध्यापक चांगल्या वस्तीत राहत, आणि मी 'मजुरांमध्ये' राहतो याचं कौतुक करत. खरं कारण भाडं हे होतं. चाळीच्या मागून खाडी वाहायची. रंगाईच्या कारखान्यांचं पाणी तिच्यात येई, त्यामुळे सकाळी खिडकी उघडली की आज कारखान्यात कोणता रंग चालू आहे ते कळे.

माझ्या खालच्या खोलीत धुळ्याकडचं एक जोडपं राहायचं. चाळीत सगळे त्यांना आबा आणि आक्का म्हणत, मीही म्हणत असे. आबा रंगाईच्या कारखान्यात होते. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे असत. दोघांनाही वाचता येत नव्हतं. एकुलता एक मुलगा गावाकडे सातवीपर्यंत शिकला आणि फौजेत गेला. त्याची पत्रं मी वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. टपालवाल्याला हे ठाऊक होतं, म्हणून खालच्या खोलीचं पत्र तो सरळ जिना चढून माझ्या हातात देत असे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले. शत्रूचा वैमानिक सगळा किनारा सोडून आमच्या चाळीचा चाळीस वॉटचा बल्ब शोधत येणार, याबद्दल चाळीच्या मालकाची खात्री होती. दोन आठवड्यांत लढाई संपली, पेढे वाटले गेले, आणि पेढ्यांपाठोपाठ तार आली. मुलगा पश्चिमेच्या आघाडीवर होता. तारेत 'बेपत्ता' असं होतं.

तार मीच वाचली. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी रडण्याआधी विचारलं, "मास्तर, तुमी लढाईना कायदा शिकाडतस ना? मंग मना पोऱ्या कथा शे ते सांगा."

पोरगा कुठे आहे, हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी वर गेलो, पुस्तक काढलं, आणि खरं सांगायचं तर मला थोडा उत्साहच वाटला. जिनिव्हा करार, तिसरा, युद्धकैद्यांविषयीचा. एकशे त्रेचाळीस कलमं. पुस्तक घेऊन मी खाली आलो आणि त्यांना सांगितलं की बेपत्ता म्हणजे गेला असं नव्हे. तो कैदेत असू शकतो. आणि कैदेत असला तर छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड लिहू द्यावं लागतं. सत्तरावं कलम आहे तसं.

"आनि नही लिखू दिनं तर?" आबांनी विचारलं.

"तर तो करारभंग."

"मंग?"

"मग आपलं सरकार निषेध करतं. कागद पाठवतं."

आबा थोडं हसले. "म्हंजे आमना युनियनसारखं. मालकनी कागद वाचा, खिसामा घाला, आन् मोटरमा बठी ग्या."

युनियनपेक्षा हे फार वेगळं असतं असं मी म्हणालो. कुठल्या बाबतीत वेगळं, ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

पण आक्कांनी त्यातला एकच शब्द उचलला : आठवडा. पुढल्या शनिवारी त्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या. "मास्तर, आठवडा व्हई गया." त्याच्या पुढल्या शनिवारीही उभ्या. आठवडा छावणीत पोचल्यापासून धरायचा, पुढे डाकेचे दिवस वेगळे, तपासणीचे वेगळे, दोन देशांमध्ये सरळ टपाल बंद असल्यानं तिसऱ्या देशातून फेरा, हे सगळं मी समजावलं. त्या शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "तुमना कायदाले पोस्टमन नही का?"

संक्रांत गेली. मी शनिवारी कॉलेजातून मुद्दाम उशिरा निघू लागलो. घरी आलो की आधी फाटकातून त्यांच्या दाराकडे पाही. दार लोटलेलं असलं की दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर जात असे. कोणाला आशा देऊन ठेवली की तिचं भाडं दर आठवड्याला भरावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. वर्गात युद्धाचं प्रकरण आलं तेव्हा मी ते गाळलं आणि समुद्री हद्दीचं घेतलं.

एका शनिवारी मला चुकवता आलं नाही. आक्कांनी गाठलंच. पण त्या दिवशी त्यांचा प्रश्न वेगळा होता. वर्तमानपत्रात रोज येत होतं की आपल्या ताब्यात त्यांचे हजारो सैनिक आहेत. मीच त्यांना ते वाचून दाखवलं होतं.

"आपला लोके त्यास्ना पोऱ्यास्ले कार्ड लिखू देतस का?"

"देतात."

"तुमी देखं?"

"नाही. वाचलं."

त्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मंग त्यास्नी मायबी शनिवारे उभी ऱ्हात व्हई." आणि घरात गेल्या.

हा कायदा कशावर उभा आहे, याचं माझ्या पुस्तकात चाळीस पानांचं विवेचन होतं. तुमचे आमच्याकडे आहेत आणि आमचे तुमच्याकडे, असा त्याचा अर्थ होता. आक्का तिथवर पुस्तकाशिवाय पोचल्या.

होळीच्या सुमारास शहरात एका मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. विषय होता 'युद्धनीती : प्राचीन आणि अर्वाचीन'. अध्यक्ष एक कापड व्यापारी होते. लढाईत त्यांनी जवानांसाठी घोंगड्या दिल्या होत्या आणि तेव्हापासून ते कुठल्याही व्यासपीठावर उभे राहून बोलत. त्यांचं भाषण पाऊण तास चाललं. धर्मयुद्धाचे नियम जगाला आपणच शिकवले, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग मला हार घातला, शाल दिली, आणि मी बोललो. आपल्याला जे हसण्यासारखं वाटतं त्यात स्वतः गुंतल्यावर माणूस हसत नाही. मीही हसलो नाही. उलट सत्तरावं कलम मी चांगलं खुलवून सांगितलं. रणांगणाच्या धुमाळीतून वाट काढत आईकडे येणारं एक साधं कार्ड, वगैरे. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी शाल काखेत घेऊन चाळीपाशी आलो, तर खालच्या खोलीबाहेर बायका बसल्या होत्या. आतून आक्कांच्या रडण्याचा आवाज येत होता. आबा ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसले होते. शेजारच्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कार्ड आलं. कोपरा फाटलेलं."

याचा अर्थ आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही, आणि गुजरातेतही नाही. मृत्यूची बातमी असेल त्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. ते घरात नेत नाहीत, जपून ठेवत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडायचं, टाकायचं, आंघोळ करायची. दुपारी टपालवाला आला तेव्हा माझ्या खोलीला कुलूप होतं. त्यानं आबांच्या हातात कार्ड दिलं, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, खूणो फाटेलो छे. अंदर ना लई जता." आणि सायकलवर बसून गेला.

मी शाल वर टाकून खाली येऊन बसलो. काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायची पद्धत नाही. तासभर बसलो आणि माझ्या डोक्यात फक्त मी वर्षाच्या सुरुवातीपासून दिलेली उत्तरं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वर आले. या जिन्यावर ते क्वचित येत. हातात कोऱ्या कार्डांची एक चवड होती.

"मास्तर, गावाले कार्डं लिखी द्या. कोपरा मी फाडस."

मी चटई टाकली, दौत घेतली. पहिल्या कार्डावर पत्ता घातला. मजकुराची सुरुवात हाताला पाठ असते : कळविण्यास अत्यंत दुःख होते की. तिथे थांबलो. पुढे तिथी लागते, कारण दिवस तिच्यावरून धरतात.

"आबा, तिथी काय घालू?"

"माले काय माहीत?"

"कार्डात काय होती?"

"वाचंच नही."

"मग वाचलं कोणी?"

"कोनीच नही. कोपरा फाटेल व्हता ना. आनखी काय वाचानं?"

मी लेखणी खाली ठेवली. कार्ड कुठाय असं विचारलं. खाडीत, ते म्हणाले. चार तुकडे केले आणि टाकले. कसं होतं, आपल्या टपालाच्या कार्डासारखं का? नाही, ते म्हणाले, जाड होतं, पांढरट, छापील. वर ठसे होते दोन-तीन.

"तिकीट होतं?"

आबांनी आठवून पाहिलं. "तिकीट नव्हतं."

युद्धकैद्याच्या पत्राला तिकीट लागत नाही. तेही कलम आहे, चौऱ्याहत्तरावं. परीक्षेत कधी आलेलं नाही. आणि फौज मृत्यूची बातमी कार्डानं कळवत नाही, तार करते, हे तर मला कलमाशिवायही कळायला हवं होतं. काल संध्याकाळी तासभर मी त्या ओट्यावर बसून होतो.

"आबा, ते कार्ड त्यानंच लिहिलं असेल," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, माझ्या आठवड्याच्या हिशेबानंतर त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आम्ही दोघं मागच्या बाजूनं खाडीत उतरलो. त्या दिवशी पाणी हिरवं होतं. काठावर बाभळी, चिंध्या, सुताच्या कोनांची फुटकी पुठ्ठी. मी शिक्षक असल्याचा गुडघाभर चिखलात काही फायदा होत नव्हता. आबांनीच पहिला तुकडा काढला, बाभळीच्या मुळाशी अडकलेला. त्यावर छापलेलं शीर्षक होतं : युद्धकैद्याचं कार्ड. दुसऱ्यावर आमच्या चाळीचा पत्ता. मग खूप वेळ काहीच मिळालं नाही. काठावरून आक्का बघत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण नवरा आणि मास्तर खाडीत वाकून काय शोधतायत हे त्यांना कळलं असणार. त्या चपला न घालता उतरल्या. तिसरा तुकडा त्यांना मिळाला. तो उलटा चिकटला होता. त्यांनी तो पदरानं टिपला आणि माझ्यापुढे धरला.

त्यावर तारीख होती, लढाई संपल्यानंतरची, आणि खाली सही. इंग्रजी रकाने कोणीतरी भरून दिले होते, पण सही मराठीत होती, सातवीच्या अक्षरात, शेवटच्या अक्षराला उगाच लांब शेपटी काढलेली. आक्कांना वाचता येत नव्हतं. पण त्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हाई त्यानीच शे."

मेलेला माणूस सही करत नाही. हे कुठल्या कलमात नाही, पण आम्ही तिघांनी ते लगेच मान्य केलं. आबा चिखलातच खाली बसले.

चौथा तुकडा मिळाला नाही. त्या दिवशी नाही, पुढल्या चार दिवसांतही नाही. आणि मला पुस्तकातल्या नमुन्यावरून माहीत होतं की त्या चौथ्या तुकड्यावर काय असतं. प्रकृती चांगली, आजारी, किरकोळ जखमी, गंभीर जखमी, असे पर्याय छापलेले असतात. लागू नसतील ते खोडायचे. त्यातलं त्यानं काय ठेवलं, एवढंच आम्हाला कळलं नाही. या वेळी मी त्यांना ते लगेच सांगितलं, सगळं सांगितलं. पुन्हा अर्धवट शिकवायची माझी तयारी नव्हती.

कोपरा कसा फाटला, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दोन फौजांचे तपासनीस, तीन देशांची पोती, आणि गठ्ठ्याला घट्ट बांधलेली सुतळी. बहुतेक सुतळीच.

तुकडे मी पुठ्ठ्यावर चिकटवले. चौथ्याची जागा मोकळी ठेवली. पण आक्का ते घरात घेईनात. मुलगा जिवंत आहे हे त्यांना पटलं होतं, तरी कोपरा फाटलेलं कार्ड ते कोपरा फाटलेलं कार्ड. "तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या." म्हणून ते माझ्याकडे राहिलं, त्याच पुस्तकात, सत्तराव्या कलमाच्या पानात.

लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं एकशे अठरावं कलम म्हणतं. विनाविलंब म्हणजे किती, ते म्हणत नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी दिल्लीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, आपले पत्र मिळाले. पुढाऱ्यांनी डोंगरावर जाऊन तह केला, त्याचे फोटो आले, हस्तांदोलनं आली. आक्का शनिवारी यायच्या थांबल्या होत्या. आता आबा येत. कारखान्यातून येऊन, हात न धुता, ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत आणि एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे विचारत. गंभीर जखमी माणसाला सही करता येते का? सही दुसऱ्यानं हात धरून करून घेतली तर शेपटी एवढी सरळ येईल का? मला माहीत नाही, असं मी म्हणायला शिकलो. ते पुस्तक मागत, मोकळ्या जागेकडे बघत आणि परत देत. पुस्तकाच्या कडांना निरनिराळ्या रंगांची बोटं उमटली.

पुढल्या डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली. काही दिवस त्याला फौजेच्या इस्पितळात ठेवलं, आणि मग एका सकाळी तो चाळीच्या फाटकात उभा होता. बारीक झालेला, डावा हात विजारीच्या खिशात. आक्कांनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्याला ओढून आत नेलं, पाट मांडला. जेवायला बसल्यावर खिशातला हात बाहेर काढावा लागला. त्याला दोनच बोटं होती.

 आबांनी ताटातली भाकरी उचलली, मोडून लहान तुकडे केले आणि परत ठेवली.

आक्का अचानक माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ते कार्ड आना." मी वरून पुठ्ठा आणला आणि उंबऱ्याबाहेर थांबलो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पहिल्यांदाच, आणि उंबरा ओलांडून आत नेऊन मुलाच्या पुढ्यात ठेवला.

"आठे काय व्हतं?" मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. "तू काय ठेवेल व्हतं?"

त्यानं ते बघितलं. डावा हात मांडीखाली घेतला. "प्रकृती चांगली," तो म्हणाला. "बाकीनं समदं खोडं."

म्हणजे चौथा तुकडा मिळाला असता तर नऊ महिने आम्ही सगळे सुखात झोपलो असतो. करारानं त्याला कार्ड लिहायचा हक्क दिला होता. त्यात खरं लिहावं अशी अट कुठेच नाही. मी नंतर पुन्हा एकदा सगळी कलमं पाहिली.

मुलगा पुठ्ठा उजव्या हातात धरून निरखत होता. चिखलाचे डाग, हिरवट पाणी, आडवी-उभी फाटलेली रेघ. "हाई फाडं कोनी?"

त्या दिवशी कारखान्यात पिवळा रंग होता. आबांनी आपले दोन्ही पिवळे हात ताटाखाली नेले.

"टपालमा फाटनं," ते म्हणाले. "सुतळी घट्ट व्हती."

मग ते माझ्याकडे बघू लागले, आणि आक्काही. मी कायद्याचा माणूस. साक्षीला मी एकटाच होतो.

"हो," मी म्हणालो. "सुतळीनंच."